दोन पॉइंट एक

काचेच्या काउंटरवर गाडीचे चार सेन्सर होते. एक तिच्याच गाडीतून आत्ता काढलेला, काजळी धरलेला. एक नवा, सीलबंद खोक्यातला. एक दिसायला तसाच, पण खोक्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नसलेला. आणि चौथा वर्तमानपत्रात गुंडाळलेला, भंगारात निघालेल्या गाडीतून सोडवून आणलेला. काउंटरमागे माणसं दोन, एक तरुण आणि एक म्हातारा. बाहेर बॉनेट उघडं टाकून उभी असलेली गाडी एक, २०१० सालची. तळवड्याच्या चौकात ती त्या सकाळी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा समोर नेमकं हेच गॅरेज होतं.

साक्षीने हे सगळं मोजून घेतलं आणि मग विचारलं, “यातला चांगला कुठला?”

“काळा तो तुमचा. तो गेला,” तरुण म्हणाला. “बाकी तीन स्थळं आलीयत. बघून घ्या, घाई नाही.”

त्याच्या खिशावर लाल दोऱ्याने ‘प्रज्वल’ असं भरलेलं होतं. हसताना तो आधी खाली बघायचा, मग समोर. साक्षीने तेही टिपलं. सवयच होती तिला. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती जवळच्याच एका प्रयोगशाळेत मापनयंत्रं तपासायची. दुसऱ्यांची यंत्रं खरं बोलतात की नाही, हे सांगण्याचा तिला पगार मिळायचा.

तिने पर्समधून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला.

“पर्समध्ये?” प्रज्वलचे डोळे मोठे झाले.

“तुमच्या खिशात पाना नसतो?”

“असतो. पण स्थळं बघायला जाताना घरी ठेवतो.”

“मी मोजल्याशिवाय बघत नाही.”

म्हातारा खुदकन हसला. ते ज्योतीराम काका. चाळीस वर्षांपूर्वी लातूरकडून आलेले आणि या गॅरेजात प्रज्वलच्या वडिलांच्या काळापासून काम करणारे. “पज्या,” ते म्हणाले, “ही पोरगी तुला बी मोजून ठिवील बघ.”

नव्या सेन्सरचा प्लग तोच होता, ठेवणही तीच. पण नळीचा आतला व्यास चार मिलिमीटरने जास्त निघाला.

“हा मोठ्या इंजिनाचा आहे,” साक्षी म्हणाली. “बसेल, गाडी चालेलही. फक्त आयुष्यभर चुकीचं सांगत राहील.”

“आणि सांगतो काय तो?” हे प्रज्वलला माहीत नसण्याचं काही कारण नव्हतं. पण त्याने कोपर काउंटरवर टेकून विचारलं.

“आत एक तार असते. कायम गरम. हवा तिच्यावरून गेली की ती गार होते. तिला पुन्हा तेवढंच गरम ठेवायला किती वीज लागली, त्यावरून इंजिनात हवा किती गेली ते कळतं. मग त्या मापाने पेट्रोल.”

“म्हणजे कुणी नुसतं जवळून गेलं तरी तिला कळतं?”

“तारेला कळतं,” साक्षी म्हणाली. “मला नाही.”

पण व्हर्नियर पर्समध्ये ठेवताना तो दोनदा बाहेरच पडला…

गाडी तिच्या वडिलांची. भीमराज आकुर्डीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढून निवृत्त झाले, तेव्हा आलेल्या पैशांतून त्यांनी ती घेतली होती. त्यांच्या गल्लीतली ती पहिली चारचाकी. मार्चअखेर तिला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. नोंदणी पुढे चालवायची तर आधी धुराची चाचणी पास व्हायला हवी, आणि गाडी तर काळा धूर ओकत होती. “नाही झाली पास तर भंगारात देऊन टाकू,” भीमराज म्हणाले होते, आणि मग त्या दिवशी त्यांनी गाडी दोनदा पुसली होती.

त्याच दिवशी, शनिवारी, बिनानावाचा सेन्सर लावून पाहिला. प्रज्वलने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला, आकडे साक्षीच्या मोबाइलवर येऊ लागले. गाडी नुसती उभ्याउभी चालू असताना या इंजिनाने सेकंदाला अडीच ते तीन ग्रॅम हवा घ्यायला हवी. सेन्सर सांगत होता चार पॉइंट तीन.

“खोटारडा,” साक्षी म्हणाली.

“स्थळ नापसंत,” प्रज्वलने ओरडून सांगितलं. जुना सेन्सर पुसून परत बसवला आणि उरलेल्या चौथ्यासाठी तिला पुढच्या शनिवारी बोलावलं. “चौथा नीट धुऊन, वाळवून ठेवतो. स्थळाला जरा आंघोळ तर घालू द्या.”

तो आठवडा साक्षीला लांब गेला. लॅबमध्ये तिने एका प्रमाणपत्रावर तारीख चुकवली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या शनिवारी तिने निळा कुर्ता घातला. ज्योतीराम काकांनी चौथा सेन्सर बसवला, गाडी चालू केली आणि लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावली. डोळे मिटले. काकांची ही तपासायची जुनी रीत. गॅरेजात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती, तीही गप्प झाली.

“बराबर हाय,” काका म्हणाले. “गाणं म्हनायलंय.”

साक्षी स्टिअरिंगसमोर बसली होती. मोबाइलवर आकडा स्थिर होता : २.८.

उघड्या बॉनेटच्या पलीकडून प्रज्वलचा आवाज आला, “चला मॅडम, सुटलात! आता गॅरेजचं तोंड बघायला नको पुन्हा. बोला, किती दाखवतंय?”

तिने तोंड उघडलं. दोन पॉइंट आठ. एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं की पैसे द्यायचे, गाडी घ्यायची आणि जायचं. पुढचा शनिवार रिकामा. त्याच्या पुढचाही…

“दोन पॉइंट एक,” ती म्हणाली.

“काय?”

“कमी दाखवतोय. दोन पॉइंट एक.”

प्रज्वलने काकांकडे पाहिलं. “काका, हा जळका आहे. कुठनं आणला?”

“आरं, बराबर हाय म्हनतो ना मी. ऐक की.”

“मीटर सांगतंय ना! कान गेले तुमचे आता, काका. भंगारवाल्यानं टोपी घातली तुम्हाला आणि कळलंही नाही.”

तो हसतच म्हणाला होता. गिऱ्हाइकंही हसली. काकांनी पुन्हा स्क्रूड्रायव्हर टेकवला, पुन्हा डोळे मिटले. या वेळी फार वेळ ऐकलं. मग मूठ कानापासून काढली आणि बाहीने पुसली.

“आसंल,” ते म्हणाले. “मशीनला कुनाचं भ्याव नसतंय. ते खरंच बोलत आसंल.”

साक्षीने मोबाइल पालथा केला. आत्ता सांगायचं, तिने ठरवलं. गिऱ्हाइकं गेली की. मग चहा आला, आणि प्रज्वलने स्वतःच्या रुमालाने तिच्यासाठी स्टूल पुसलं.

चौथा सेन्सर खणात गेला. दिल्लीहून अस्सल मागवायचा ठरला, तीन-चार आठवडे लागणार होते. तोवर जुनाच पुसून लावायचा आणि दर शनिवारी ‘चाचणी’ म्हणून गाडी चाकणच्या रस्त्याने फिरवून आणायची. प्रज्वल चालवायचा, ती आकडे वहीत लिहायची. शिफ्टच्या बसगाड्यांमागे अडकलं की तो म्हणायचा, “लिहा मॅडम, ट्रॅफिक : चांगला.” मॅडमची साक्षी झाली. तुम्हीचं तू झालं. गिअर टाकताना त्याचा हात तिच्या वहीला लागायचा आणि ओळ वाकडी जायची. ती ओळ ती खोडत नसे.

गॅरेजात मात्र वेगळंच काही चाललं होतं. तिसऱ्या शनिवारी काकांनी एका रिक्षाचे स्पार्कप्लग बसवले आणि प्रज्वलला म्हणाले, “तू येकदा बघून घे. माझं काय खरं न्हाई.” चौथ्या शनिवारी ते नुसते स्टुलावर बसून होते. पाचव्या शनिवारी स्टूल रिकामं होतं.

“लेकीकडे गेले, वाकडला,” प्रज्वल म्हणाला. “म्हणाले, कान गेले की मेकॅनिक गेला. मी किती समजावलं… मीच बोललो होतो ना तसं.” तो हात पुसत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते.

साक्षीला त्या क्षणी सांगता आलं असतं. तिने वहीची पानं चाळली.

सहाव्या शनिवारी चाकणहून येताना त्याने उसाच्या रसाच्या गाड्यापाशी इंजिन चालू ठेवूनच गाडी थांबवली. दोन ग्लास आणले. स्वतःचा न पिता टपावर ठेवला, मग आत येऊन बसला.

“घरी बोललो मी,” तो म्हणाला.

“कशाबद्दल?”

“सेन्सरबद्दल,” तो म्हणाला आणि खाली बघून हसला. “तुझ्याबद्दल, वेडे. आत्या दोन दिवस जेवली नाही. ‘आपल्यातली न्हाई ती, गावात तोंड कसं दावू’ म्हणाली. मी म्हटलं, नको दाखवूस, पदर घे. तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, पोरीला भाकरी थापता येती का.”

“येत नाही.”

“मला येते. ते सांगितलंय तिला.” मग तो हसायचा थांबला. “तुझ्या वडिलांना कधी भेटू? तू हो म्हणालीस तर… म्हणजे, आधी तू सांग.”

या एका गोष्टीची तिला महिनाभर भीती होती. आत्या, गाव, जात… तिने मनात सगळ्या भिंती मोजून ठेवल्या होत्या. त्यांतली सगळ्यांत उंच भिंत तो एकटाच ओलांडून आला होता. आता फक्त हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं असतं तर पुढे रोज त्या रिकाम्या स्टुलासमोरून जायचं होतं.

“दोन पॉइंट आठ होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“काकांनी लावला त्या दिवशी. मी दोन पॉइंट एक सांगितलं. काका बरोबर होते.”

त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. टपावरचा ग्लास थरथरायचा थांबला असेल, तिला दिसत नव्हता.

“का?”

“तू म्हणालास, आता गॅरेजचं तोंड बघायला नको…”

“अगं, मी तर वाट बघत होतो की तू म्हणशील, येईन की!” तो म्हणाला. “एवढं एक वाक्य. सांगता आलं नसतं तुला?”

“आकडा सोपा होता.”

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

“वडील गेले तेव्हा मी सोळाचा होतो. माझ्या हातात पाना त्या माणसाने दिला. आणि मी चारचौघांत त्यांना म्हणालो, कान गेले तुमचे. तुझ्या आकड्यावर, साक्षी. कारण मला वाटलं, ही मुलगी सगळं खोटं बोलेल, पण आकडा खोटा सांगणार नाही.”

“मी काकांना सांगते. उद्याच.”

“सांग. आण त्यांना परत. ते आले तर मी तुझ्या घरी येतो.” आवाज चढला नव्हता त्याचा, आणि तेच तिला सहन होईना. “नाही आले तर… रोज त्यांचं स्टूल बघून मी तुझ्याशी काय बोलणार?”

रविवारी वाकडला, बाविसाव्या मजल्यावरून ज्योतीराम काका लिफ्टने खाली पार्किंगमध्ये आले. पायात जावयाच्या चपला, अंगात इस्त्रीचा शर्ट. नखांतलं काळं निघून गेलं होतं. प्रज्वलने खणातून आणलेला चौथा सेन्सर त्यांच्यासमोरच गाडीला बसवला. साक्षीने सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मन चांगलंय तुझं, पोरी.”

“मन चांगलं नाही, काका. मी खोटं बोलले.”

“शिकलेली मानसं आकड्यात खोटं बोलत न्हाईत. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून आलीस. कळतंय मला.”

“काका, तुम्ही ऐका तरी,” प्रज्वल म्हणाला. त्याने स्क्रूड्रायव्हर पुढे केला. “माझ्यासाठी. एकदा.”

गाडी चालू झाली. काकांनी टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. साक्षीच्या हातातल्या मोबाइलवर आकडा हलत नव्हता. प्रज्वल तिच्याकडे बघत नव्हता, काकांच्या चेहऱ्याकडे बघत होता. एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाने डॉक्टरकडे बघावं तसा.

“हाय की,” काका अखेर म्हणाले. “ठेका चुकायलाय. बारीक हाय, पन हाय. तिसऱ्या सिलिंडरला.”

“काका, काही चुकत नाहीये. हे बघा…” साक्षीने मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

“न्हाई पोरी. आता मला सगळ्याच गाड्यांत ऐकू येतंय.” त्यांनी स्क्रूड्रायव्हर प्रज्वलच्या हातात दिला. “जेवून जावा दोघंबी. लेकीनं वरनभात लावलाय.”

काकांच्या मागे लिफ्टचं दार बंद झालं. प्रज्वलने इंजिन बंद केलं, बॉनेट खाली घेतलं, तळव्याने दाबून बसवलं.

“दिल्लीची ऑर्डर रद्द करतो,” तो म्हणाला. “हाच राहू दे. बरोबर आहे तो.”

“प्रज्वल…”

त्याने मान हलवली, ना होकाराची ना नकाराची. आपल्या मोटरसायकलला किक मारली आणि उतारावरून बाहेरच्या उन्हात गेला. ती तिथेच उभी राहिली. मागून एका गाडीने हॉर्न दिला, मग दुसऱ्यांदा दिला, तेव्हा तिने गाडीत बसून किल्ली फिरवली.

घरी जाताना पेट्रोल पंपाशेजारी धूर तपासणीची व्हॅन उभी होती. भीमराजांनी कागद सोबत दिलेच होते. व्हॅनमधल्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, नंबरप्लेटचा फोटो काढला आणि दोन मिनिटांनी छापील कागद खिडकीतून आत दिला.

कार्बन मोनॉक्साइड : ०.०७ टक्के. मर्यादा : ०.३०. पास.