कोठीतून आलेली हाक

लातूर नवा जिल्हा झाला, त्या वर्षीची गोष्ट. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात माझं एक वेळचं जेवण वाचायचं. त्याची आंबील करून मी तिन्हीसांजेला मिशनच्या दवाखान्यात न्यायची.

तशी मी आधीपासून उपासतापासाचीच बाई. पण दुष्काळात माझी लहानगी सिंधू तापानं गेली आणि सगळे नवस तोंडातच सुकले. पुढे कितीतरी वर्षं कुणाचीही ‘आई’ ही हाक मला सोसवत नसे. दवाखान्यात आयाचं काम करणाऱ्या धुरपताबाईंनी मला प्रभू येशूच्या पायाशी बसवलं. रडू थांबलं नाही. पण रडताना मी एकटी उरले नाही.

त्या दिवशी आंबील वाटून झाली आणि वीज गेली. एक कंदील, फिनेलचा वास, रोग्यांचे श्वास. भिंतीपलीकडे मोडक्या खाटांची कोठी. तिथून हळूच आलं,

“आई...”

अंगावर काटा आला. तिन्हीसांजेच्या एका हाकेला आमच्याकडे कुणी ओ देत नाही. हाकामारी असते. ती एकदाच हाक मारते, आणि ओ देईल त्याला घेऊन जाते. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. आली नाही.

“काय झालं, ताई?” धुरपताबाई कुजबुजल्या.

“कोठीतून... कुणी हाक मारली. एकदाच.”

“मग ओ द्या की.”

“आणि तीच असली तर...?”

“असू द्या. तिला बी कुणी ओ दिली न्हाई, म्हणून फिरून राहिली असंल बिचारी.” त्यांनी कंदील माझ्या हाती दिला. “भ्या वाटतंय तर भीत भीत जा. पण जा.”

प्रभूचं नाव घेतलं. कोठीचं दार ढकललं.

“ओ... आले गं बाई.”

खाटांमागे एक पोर पडली होती. तुटक्या खिडकीतून शिरली असावी. अंग तापानं फणफणलेलं, ओठ फुटलेले. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. तिला न्यायला कुणीच आलं नाही. मी नाव ठेवलं, कृपा.

ताप उतरल्यावर कळलं, पोर जन्माची मुकी आणि बहिरी. तिच्या तोंडून कधी शब्द निघालेलाच नाही.

आता आम्ही दोघी मिळून वॉर्डात आंबील पाजतो. कधी मधेच तिचा हात थांबतो. मान कोठीकडे वळते. मला काहीच ऐकू येत नाही. ती मात्र हसते, वाटी खाली ठेवते, आणि माझा पदर धरून मला त्या दाराकडे नेऊ लागते...