निळा झेंडा कोणी काढायचा

नेब्रास्कातल्या आमच्या यार्डात मालगाडीच्या डब्याखाली शिरण्याआधी रुळावर निळा झेंडा लावतात. झेंडा आहे म्हणजे खाली माणूस आहे. इंजिनानं तिथं फिरकायचंसुद्धा नाही. आणि आमच्यात ज्यानं लावला, त्यानंच काढायचा. देशाचा कायदा आहे हा, कोणा साहेबाची मेहेरबानी नाही.

माझा जोडीदार ऑर्व्हिल झेंडा कायम डावीकडे कललेला लावायचा. मी म्हणायचे, "तुझ्यासारखाच तिरका." काम संपलं की तो आधी डब्याखाली खाकरायचा, मग बाहेर येऊन झेंडा काढायचा. मार्चमध्ये आम्ही दोघं ब्रेक बदलत असताना कोणीतरी डबे ढकलले. ऑर्व्हिल जागीच गेला. माझा डावा पाय गुडघ्याखाली तुटला.

कंपनी म्हणते, झेंडा लावलाच नव्हता. म्हणजे चूक ऑर्व्हिलची, आणि त्याच्या बायकोला, एडिथला, भरपाई नाही. मी तो झेंडा या डोळ्यांनी पाहिला होता.

ऑगस्टच्या भर दुपारी कंपनीचा माणूस प्रेविट मला त्याच रुळावर घेऊन गेला. हातात कागद तयार. "लॉर्नाबाई, झेंडा नव्हता एवढंच मान्य करा. तुमची भरपाई लगेच सुटेल."

"मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी मला नको."

रुळावर झेंडा होता. डावीकडे कललेला. पलीकडे इंजिन थांबलं होतं आणि ड्रायव्हर हाताची घडी घालून बसला होता.

"कोणी लावलाय हा?" प्रेविटनं विचारलं.

"आमच्यातल्या कोणी नाही," ड्रायव्हर म्हणाला. "सकाळपासून आहे. वाकून पाहिलं, डब्याखाली चिटपाखरू नाही. पण मी हात लावणार नाही बुवा."

प्रेविट हसला. त्यानं झेंडा उपटला आणि गवतात भिरकावला. "झालं. चला, सही करा."

माझं डोकंच फिरलं. "सही होणार नाही," मी म्हटलं. "आज नाही नि मरेपर्यंत नाही. काय करायचं ते करा." आणि कुबड्या टेकत फाटकाकडे निघाले.

तो बडबडत मागोमाग आला. त्याच्या गाडीपाशी पोचलो, तसा जागीच थबकला.

गाडीच्या पुढ्यात, खडीत, निळा झेंडा रोवलेला होता. डावीकडे कललेला.

"काढा तो," प्रेविट हळूच म्हणाला.

"माझा नाही."

गाडीखालून हातोडीची टकटक येत होती. सावकाश, ब्रेक तपासताना येते तशी.

"खाली कोण आहे?"

"कोण असणार? तुमच्या कागदात झेंडाच नाही. मग बसा गाडीत, करा सुरू."

तो बसला नाही.

बॉनेटवर कागद ठेवून त्यानं 'नव्हता' खोडलं. 'होता' लिहिलं. खाली स्वतःची सही केली.

टकटक थांबली.

गाडीखाली कोणीतरी खाकरलं.