पुढची ठेव, मागची सोड

शटर अर्धं खाली ओढा आणि बसा. लाइट येईपर्यंत टायर चढवायचं मशिन चालायचं नाही आणि तुम्ही तिघं टायर घेतल्याशिवाय हलायचे नाहीत, हे तोंडावरून दिसतंय. पाव मैल सरळ जायचं आणि थांबायचं, एवढ्यासाठी महिनाभर मोबाइलवर टायर बघताय. त्यात वळायचंसुद्धा नसतं. सरळ तर बैलही जातो, त्याला कोणी कप देत नाही.

हसू नका. तुम्हाला हवे आहेत ना ते मऊ टायर, रस्त्यावर चालणारे आणि शर्यतीतही पळणारे? दाखवतो. पण आधी ऐका, मग ठरवा. ही कुठून कानावर आलेली गोष्ट नाही. माझ्या साडूची आहे. माणूस बायको बघून करतो, साडू तिच्याबरोबर आपोआप येतो. तक्रार कुठे करणार?

हा माझा साडू विम्याच्या ऑफिसात. दिवसभर दुसऱ्यांच्या अपघाताच्या फायली चाळायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन लोकांना गाडी कशी चालवता येत नाही यावर भाषण द्यायचं. बेचाळिसाव्या वर्षी त्याला शर्यतीचं वेड लागलं. केस विरळ व्हायला लागले की काहींना कविता सुचते, याला गाडी सुचली. गावाबाहेर जुना रनवे आहे. तिथे महिन्यातून एका शनिवारी रात्री क्लबवाले शर्यत घेतात, रीतसर परवानगीने. त्यात घरगुती गाड्यांचा एक गट असतो. अट एकच: गाडी स्वतःच्या चाकांवर यायला हवी आणि टायर कायद्याने रस्त्यावर चालणारे हवेत. गुळगुळीत शर्यतीचे टायर आणलेत तर फाटकातूनच परत.

पहिल्या खेपेला साडूनं नेहमीच्या टायरांवर गाडी नेली. दिवा हिरवा झाला, यानं पाय दाबला, आणि मागची चाकं जागच्या जागी फिरत बसली. समोरचा पोहोचून पाणी पिऊन परत येत होता तेव्हा हा निघाला. नाचता येईना अंगण वाकडं. म्हणाला, टायरांनी घात केला.

मग तो माझ्याकडे आला. चार वर्षं झाली. फेब्रुवारीची सोळा, बुधवार, संध्याकाळी सातची वेळ. बरोबर माझी मेव्हणी आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी. त्या दोघी इथे दाराशी उभ्या होत्या, चष्मेवाला बसलाय ना, तिथेच.

मी तीन टायर ओळीनं उभे केले. एक साधा, रोजचा. दुसरा मधला: रबर मऊ, पण नक्षी खोल आणि बाजू ताठ. तिसरा म्हणजे तुम्ही मघापासून ज्याच्याकडे बघताय तो. नख रुततं त्यात. नक्षी नावापुरती, रस्त्यावर चालतो असा शिक्का मिळावा म्हणून चार रेघा ओढलेल्या. टायरच्या बाजूला झिजेचा आकडा असतो. आकडा जितका लहान तितकं रबर मऊ आणि आयुष्य कमी. या तिसऱ्याचा आकडा बघून मला तर लाज वाटली होती.

"मधला घे," मी म्हणालो. "सुटताना पकड देईल, घरीही आणून सोडेल. हवेला हात लावायला नको."

"आणि हा तिसरा?"

"तो रस्त्याच्या हवेवर काही कामाचा नाही. मागची हवा तीसवरून अठरावर आणलीस तर पसरतो आणि जमीन धरतो. म्हणजे तिथे सुटायच्या रेघेपाशी मागची सोडायची, पुढची पस्तीस तशीच ठेवायची, आणि निघताना मागची परत भरायची. हे सगळं आपल्या हातानं. हवेचं काम दुसऱ्यावर टाकायचं नसतं."

"पण तिसऱ्यावर रस्त्याचा शिक्का आहे ना?"

"शिक्का बघून पोलीस सोडतील. रस्ता शिक्का वाचत नाही."

तो हसला. असं हसला, जसं साहेब शिपायाकडे बघून हसतो. "साडूभाऊ, तुम्ही पंक्चर काढणारी माणसं. यामागे शास्त्र असतं."

अडतीस वर्षं या रबरात हात काळे केलेत मी. आणि हा मला शास्त्र शिकवणार. उथळ पाण्याला खळखळाट फार! डोक्यात तिडीक गेली माझ्या. तेवढ्यात मेव्हणीनं दारातून विचारलं, "भाऊजी, हे रस्त्यावर नीट चालतात ना हो?"

सरळ प्रश्न होता. सरळ उत्तर द्यायचं. 'नको घेऊ देऊस' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, ती ऐकणारी होती. पण मी काय म्हणालो? "तुझ्या नवऱ्याला विचार, शास्त्र त्याला येतं. नाहीतर स्वतःच शेजारी बसून बघ एकदा."

ती कधी त्या शर्यतीला गेली नव्हती. माझ्या टोमण्यावर गेली. टोमणा कळला नाही असं नाही, पण तिला वाटलं, भाऊजी म्हणतात त्यात काहीतरी असेल, आपण शेजारी असलो तर हा जपून चालवेल. त्याला अक्कल नव्हती हे मी जगाला सांगत फिरायचो. माझी त्या दिवशी कुठे गेली होती, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही.

तर मी ते तिसरे टायर मागे बसवून दिले. पुढचे त्याचे जुनेच ठेवले. चारही चाकांत माझ्या हातानं हवा भरली. पुढे पस्तीस, मागे तीस. व्हॉल्व्हच्या टोप्या घट्ट लावल्या.

शनिवारी, एकोणीस तारखेला, रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी ते घरून निघाले. साडू स्टिअरिंगवर, शेजारी मेव्हणी, मागच्या सीटवर पोरगी, पांघरूण घेऊन. रनवे दोन किलोमीटरवर राहिला की डावीकडे एक फाटा लागतो. तिथे याला रस्त्याच्या कडेला एक माणूस बसलेला दिसला. पायाशी कंदील, बाजूला हवेची नळी. हा दीडशहाणा विचार करतो: आत हवेला रांग असेल, इथेच काम उरकू, रेघेवर आधी पोहोचू. आपल्या हातानं कर म्हणून सांगितलं होतं ते कुठल्या कुठे.

गाडी उभी केली. खाली उतरला नाही. उतरायला साहेबांचे पाय दुखतात. काच चार बोटं खाली केली.

पुढचं मला साडूनं सांगितलं. आणि पोरीनंही सांगितलं, वेगळं बसवून विचारलं तेव्हा. दोघांचं सांगणं एका शब्दानं इकडचं तिकडे नाही.

तो माणूस उठला. गाडीपाशी आला. पुढे वाकून आत बघितलं. मग मागच्या काचेतून बघितलं. बराच वेळ.

मग विचारलं, "पुढची ठेवू?"

"हो," साडू म्हणाला. "पुढची तशीच राहू दे."

"मागची सोडू?"

"सोड. लवकर कर."

माणूस हलला नाही.

मेव्हणी हळूच म्हणाली, "अहो... हा चाकांकडे बघतच नाहीये."

"तू गप्प बस. तुला काय कळतं त्यातलं?"

"माझ्याकडे बघतोय हो तो..."

माणसानं पुन्हा विचारलं. तोच आवाज. चढ नाही, उतार नाही.

"पुढची ठेवू? मागची सोडू?"

आणि माझा साडू ओरडला. ऑफिसात काउंटरपलीकडच्या माणसावर ओरडतो तसा. "बहिरा आहेस का रे? एकदा सांगितलेलं डोक्यात शिरत नाही? पुढची ठेव! मागची सोड! किती वेळा सांगायचं?"

"दोनदा झालं," माणूस म्हणाला.

मग आवाज आला. हवा सुटल्याचा. बारीक... लांब... संपतच नव्हता.

थांबला.

मेव्हणीनं मान मागे टेकली.

साडूनं काच वर केली आणि निघाला. मागे वळूनही बघितलं नाही.

दोन किलोमीटर.

दोन किलोमीटर तो बोलत होता. टायर कसे जमीन धरतात. अठरावर आणल्यावर फरक कसा लगेच कळतो. तुझे भाऊजी कसे जुन्या डोक्याचे आहेत. तिला म्हणाला, "बघितलंस? आहे का कुठे डगमग?"

तिची मान तशीच टेकलेली.

हा म्हणाला, "रुसलीस का?"

...

फाटकावर क्लबचा तपासणीवाला आला. टॉर्च मारून टायरवरचा शिक्का वाचला. मान डोलावली. मग टॉर्च आत मारली. तशीच धरून ठेवली.

म्हणाला, "गाडी ठीक आहे. बाईंना काय होतंय?"

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

अंगावर ओरखडा नाही. पट्टा लावलेला. डोळे अर्धे उघडे. पोरगी मागे जागी, पांघरूण तोंडापर्यंत ओढलेलं. डॉक्टरांनी लिहिलं, हृदय बंद पडलं. चौतीस वर्षांची बाई. जिना चढताना कधी धाप लागली नाही तिला. पण कागदावर काहीतरी लिहावं लागतं. आणि विम्याच्या माणसाला कागद पुरतो.

मी आणि बायको एक वाजता रनवेवर पोहोचलो. साडू तिच्याबरोबर दवाखान्यात गेलेला. पोरगी माझ्या मांडीवर. कोणी काही विचारलं नसताना ती म्हणाली, "काका, तो आमच्याबद्दल विचारत होता."

"कोण, बाळा?"

"तो हवावाला. पुढची ठेवू का, मागची सोडू का. पुढे आई होती, तिला ठेवून घेतलं... मागे मी होते, मला सोडलं. बाबांना कळलंच नाही."

तुम्हाला कळलं का? मला कळायला वेळ लागला.  तिला बायकोकडे दिलं आणि हवा मोजायचं गेज घेऊन त्या गाडीपाशी गेलो. का गेलो माहीत नाही. दुसरं काही येत नाही मला.

मागची दोन्ही चाकं बघितली. टोप्या मी लावल्या होत्या तशा घट्ट, धूळसुद्धा हललेली नाही. गेज लावलं. तीस. दोन्हीकडे तीस. मी भरली होती तेवढीच.

मागची हवा कोणी सोडलीच नव्हती.

मग आवाज कसला आला?

...

नाही, त्या फाट्यावर हवावाला कधी बसत नव्हता. चौकशी केली मी. अशा गोष्टीत तसंच असतं, ते सांगायला मी लागत नाही. साडूनं गाडी विकली. आता तो कोणाशी मोठ्यानं बोलत नाही. लोक म्हणतात सुधारला. मी त्याच्याकडे बघत नाही. बघितलं तर मला काही तो दिसत नाही, दारात उभी राहून प्रश्न विचारणारी ती दिसते, आणि तिला टोमणा मारणारा मी.

गाडी विकण्याआधी मी एक चाक मात्र काढून घेतलं. पुढचं, तिच्या बाजूचं. थांबा. तो ताडपत्रीचा कोपरा उचल जरा... हं. हेच.

साधा टायर आहे, तुमच्या लायकीचा नाही. पण ऐका. जगातला कुठलाही टायर नुसता पडून राहिला तरी महिन्याला एखादा पॉइंट हवा सोडतो. नवा असो, जुना असो. चार वर्षांत हा जमिनीला चिकटायला हवा होता. मी यात एकदाही हवा भरलेली नाही. सोडलेलीही नाही. सोडायचा धीर होत नाही मला. दाबलं आणि सगळी निघून गेली तर... पोरगी रविवारी येते, इथे स्टुलावर बसून अभ्यास करते. आईला कुठे ठेवलंय ते तिला अजून सांगितलेलं नाही.

टॉर्च धर इकडे. मी गेज लावतो. बोलू नका कोणी.

काटा बघा.

पस्तीस... बरोबर?

बघत राहा. हात लावू नका. मीही काढला हात.

छत्तीस...

पस्तीस...

टॉर्च हलवू नकोस. नाही हलवत? माहीत आहे मला.

छत्तीस...

पस्तीस...