गोल केलेला कोपरा

लेक घरी आली आणि एकच वाद पेटला: पाळणा कुठे ठेवायचा? एसीचा वारा लागला की ती शिंकायची, आणि आम्ही दोघं रात्रभर जागायचो. बायकोला कपाटाजवळचा कोपरा पसंत होता. सासूबाई म्हणाल्या, "हात धरून बघा ना, वारा कुठे लागतो ते." पण मी हवेच्या प्रवाहाची गणितं करून पोट भरणारा माणूस. हात धरून भागलं असतं तर कॉलेजात एवढी फी कशाला भरली असती?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, खोलीचं मॉडेल केलं. हिशोबासाठी कॉम्प्युटर हवेचे बारीक तुकडे पाडतो. त्याला आम्ही जाळी म्हणतो. टोकदार कोपऱ्यात हे तुकडे चेंगरून वाकडेतिकडे होतात आणि उत्तरं बरळायला लागतात. माझीही बरळली. कपाटाजवळच्या कोपऱ्यात हवा शिरेचना. कशाला तरी वळसा घालून परत फिरत होती. तिथे मी काहीच ठेवलं नव्हतं.

जाळी बारीक केली. चूक असती तर पुसट झाली असती. ही मोकळी जागा उलट ठळक झाली. आणखी बारीक केली, तेव्हा हवेनं सोडलेल्या त्या जागेला खांदे आले.

साहेबांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"पाठ दिसतेय रे कुणाची तरी. गुडघे पोटाशी घेऊन बसलंय." मग सवयीनं म्हणाले, "कोपरा थोडा गोल करून टाक. जाळी लगेच सुधारते. क्लायंटला कुठे कळतं?"

"साहेब, क्लायंट मीच आहे."

"मग तर प्रश्नच मिटला."

आमच्या धंद्यातली ही जुनी लबाडी. केली. जाळी देखणी आली, आकडे शहाण्यासारखे वागायला लागले, कोपरा रिकामा झाला. माझा जीव भांड्यात पडला. तरी त्या कोपऱ्याचा भरवसा नको, म्हणून बायकोला फोन करून पाळणा खिडकीखाली ठेवायला सांगितलं.

मग खात्रीसाठी मॉडेलमध्येही पाळणा खिडकीखाली ठेवला.

कोपऱ्यात बसायला जागा उरली नव्हती. ते आता खिडकीशी उभं होतं. पाळण्यावर वाकून.

मी घाबरलो. पुन्हा फोन लावला.

"अगं, तिला उचल!"

"आत्ता कुठे झोपलीय, उचल काय!" बायको कुजबुजली. "पण मानलं हं तुला. एसी फुल आहे, पडदा नुसता फडफडतोय, आणि हिचं जावळसुद्धा हलत नाही."