पायाळूचा पाय

तोरणमाळच्या पलीकडे एका दरीत जुन्या राजाचा हंडा पुरलाय आणि तो फक्त पायाळू माणसाला दिसतो, अशी शहाद्याच्या बाजारात बोलवा होती. त्या हंड्यापायी तिघे निघाले: दुकानदार नेमीचंद, डोंगरातला वाटाड्या वीरसिंग आणि मोहिमेचा हुकमी एक्का हिंमतराव! हा आईच्या पोटातून पायांनी आलेला, म्हणजे पायाळू. कुणाची कंबर धरो, कुणाचं मनगट लचको, हिंमतरावाने पाय लावला की उतार पडतो असा त्याचा लौकिक. आणि लौकिकाने माणूस जरा फुगतोच.

चढ उभा होता. मोहाच्या फुलांचा गोड वास दरीभर दाटला होता. भाकरी भाजायला चूल मांडली, आणि पाणी आणायला निघालेल्या नेमीचंदचा पाय वाळल्या गवतावरून सटकला. घोटा आत वळला!

"हिंमतभाऊ, पाय लाव ना! माले चालता येस नही."

हिंमतरावाने ऐटीत घोट्यावर टाच दाबली. नेमीचंद किंचाळला. टाचेखाली काहीतरी सरकल्याचं हिंमतरावाला स्पष्ट कळलं. थांबावं, असं मनात आलं. पण वीरसिंग बघत होता! आता कच खाल्ली तर नावाचं काय?

"आखो एकदाव!" म्हणत त्याने पुन्हा टाच रोवली आणि सगळा भार टाकला.

बघता बघता घोटा वांग्यासारखा काळानिळा झाला. इतक्यात झाडीत खसफस झाली. अस्वल! मोहाची फुलं खायला आलेलं. नेमीचंद उठला आणि कोसळला. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. वीरसिंगने चुलीतलं जळतं लाकूड उचललं, आरोळी ठोकली. हिंमतरावाने नेमीचंदला पाठंगुळीला घेतलं आणि धूम ठोकली!

कड्यापाशी पोचून त्याने मागे पाहिलं. अस्वल नव्हतं. धापा टाकत वीरसिंग आला आणि त्याने खाली बोट दाखवलं.

"दरी हाईच शे. उतरानं का?"

हंडा हाकेच्या अंतरावर होता. हिंमतरावाने कमरेशी लोंबणारा सुजलेला पाय पाहिला.

"नही. घर चाल."

उतरताना दर पावलाला तो पाय त्याच्या कुशीवर आदळत होता. "भाऊ, तुले तरास व्हई ऱ्हायना," नेमीचंद कण्हत म्हणाला. हिंमतरावाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

शहाद्याच्या डॉक्टरांनी घोटा तपासला. "हाड शाबूत आहे. सांध्याचे बंध ताणले होते, ते नंतर कुणीतरी दाबून फाडले. कोण तो शहाणा?"

हिंमतराव औषधांची चिठ्ठी घ्यायला पुढे झाला.

नेमीचंदला विश्रांती सांगितली होती. पाय उशीवर उंच, थंड पाण्याच्या पट्ट्या, भार अजिबात नाही. पट्ट्या पिळायला रोज हिंमतराव जाई. सूज उतरल्यावर घोटा हळूहळू वर-खाली हलवायचा, मग काठी. हिंमतराव रोज कबूल करायचं ठरवून जाई आणि रोज तोंड मिटून परते.

काठीशिवाय दुकानात आला त्या दिवशी नेमीचंद हिंमतरावाच्या खांद्यावर हात टाकून चारचौघांत गरजला, "हाऊ मन्हा हिंमतभाऊना पायना गुण शे!"

लगेच सौदा घ्यायला आलेल्या नानीबाईने लचकलेलं मनगट पुढे केलं. "भाऊ, पाय लाव."

हिंमतरावाने पाय धोतराखाली ओढून घेतला.

"माय, मन्हा पायमुळेच नेमीचंदना घोटा बिघडना. माले समजनं व्हतं, तरी मी दाबा."

खांद्यावरचा नेमीचंदचा हात गळून पडला. हिंमतरावाने उपरणं काढून त्याची पट्टी केली, नानीबाईसमोर जमिनीवर बसला आणि पाण्याच्या तांब्याकडे हात लांबवला, तर तांब्या जागेवर नव्हता.

नेमीचंदने तो उचलला होता. त्याने हिंमतरावाकडे बघितलंही नाही, पण उपरण्यावर पाणी त्यानेच ओतलं.