रेघ सोनतळ्यात संपत नाही

सोनतळ्यात कारखाना नव्हता, वीटभट्टी नव्हती. साल २०५१, गावातल्या गाड्यासुद्धा विजेवरच्या. मग लहानग्या ओजसच्या छातीत सलग तिसऱ्या सकाळी घरघर का? त्याच्या वर्गातली नऊ मुलंही घरीच होती.

सातवीतली केतकी भावाच्या तोंडाला औषधाच्या वाफेचा मास्क धरून बसली होती, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मास्क आईच्या हाती देऊन ती गच्चीवर धावली. वसुधाआत्या कालच आली होती. ती हवेची शास्त्रज्ञ. तिनं सकाळीच एक यंत्रपाखरू आकाशात सोडलं होतं.

"आत्या, हा धूर कुणाचा?"

"तेच पाखरू हुंगतंय." आत्यानं हातातल्या पडद्यावर, नकाशातली करडी रेघ दाखवली. "हे सूक्ष्मकण (केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे कण). नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. काही तर रक्तातही उतरतात. आणि इतके हलके, की दिवसचे दिवस वाऱ्यावर तरंगतात."

रेघ चाळीस किलोमीटरवरच्या वीटभट्ट्यांच्या गावाहून निघाली होती.

"म्हणजे दोष त्यांचा. त्यांना आत्ता फोन लाव."

"लावते. पण रेघ इथं संपली का, बघ."

संपली नव्हती. सोनतळ्यावर ती उलट जाड होऊन पुढे करंजवाडीकडे गेली होती.

"पाखराला काजळीतला फरक कळतो," आत्या म्हणाली. "मागून आली ती दगडी कोळशाची. इथं मिसळली ती पऱ्हाटीची (कापूस वेचून उरलेल्या झाडांची). नदीचं खोरं असतं, तसं हवेचंही असतं (एकच वारा वाटून घेणारा मुलूख). वरच्यानं सोडलं, ते खालच्याच्या छातीत."

केतकीला एकदम आठवलं. बाबा आज पऱ्हाटी पेटवायलाच शेतात गेले होते.

ती अनवाणी पळाली. बांधावर पोचली, तेव्हा बाबांनी काडी ओढली होती.

"बाबा, थांबा. हा धूर करंजवाडीत जातो."

"अगं, सगळेच जाळतात. रान मोकळं करायला नको?"

"भट्टीवालेही असंच म्हणत असतील. आणि करंजवाडीतही कुणी ओजस..." धापेमुळे तिला पुढे बोलवेना.

चटका बसला तशी बाबांनी काडी मातीत खुपसली. "बारीक कुट्टी करून रानात गाडता येते म्हणतात. यंत्र कुणाकडे आहे, विचारतो."

केतकी परतली, तर आत्यानं भट्ट्यांच्या गावच्या शाळेला फोन लावला होता. पडद्यावर केतकीच्याच वयाची मुलगी होती आणि बोलता बोलता खोकत होती. भांडायचं म्हणून ठरवलेलं सगळं केतकीच्या तोंडातच राहिलं.

"तुमच्याकडे भट्ट्यांचा सोडून आणखी धूर कुठून येतो?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. कुणी शोधलंच नाही."

केतकीनं आत्याकडे पाहिलं. आत्या पाखराची बॅटरी बदलत होती.

"थांब," केतकी म्हणाली, "आम्ही तिकडेच येतोय."