आगबोटीच्या पोटातले दगड

"धुरांडं! ताई, धरणातून धुरांडं वर आलंय!"

रविराज ओरडतच अंगणात शिरला. त्याच्यामागून धापा टाकत करण आला. निकिताच्या हातातली आंब्याची फोड तशीच राहिली.

"कसलं धुरांडं? गिरणीचं?"

"आगबोटीचं!" करण म्हणाला. "ती बुडालेली आगबोट, अण्णा सांगतात ती! चल लवकर, सगळं गाव जमायच्या आत!"

निकिता आणि तिचा धाकटा भाऊ रविराज दर मे महिन्यात श्रीरामपूरहून आजोबांकडे, म्हणजे अण्णांकडे, खडकेवाडीला येत. करण त्यांचा चुलतभाऊ, इथलाच. अकोले तालुक्यातलं हे गाव देवखडक धरणाच्या काठावर वसलेलं. धरण इंग्रजांच्या काळातलं. यंदा त्याच्या दरवाजांची दुरुस्ती निघाली, म्हणून पाणी सोडून दिलं होतं. इतका तळ आजवर कुणीच पाहिला नव्हता.

तिघं पळत काठावर गेली. खरंच की! काळ्या गाळात गंजलेली लोखंडी बोट उभी होती. धुरांडं थोडं कललेलं. नाकाड, म्हणजे पुढचं टोक, पूर्ण उघडं पडलेलं.

"एकोणीसशे सदतीस साली बुडाली," निकिता ऐटीत सांगू लागली. ही गोष्ट तिला तोंडपाठ होती. "बाजारचा दिवस होता. बोट भरून माणसं पलीकडच्या काठावरून गावाकडं येत होती. आणि बोट चालवणारा बन्सी सारंग दारू पिऊन तर्र! त्यानं बोट थेट खडकावर घातली. सात माणसं गेली. हा मात्र पोहून वर!"

"म्हणून त्यांच्या घराला बुडवे म्हणतात," करणनं पुस्ती जोडली.

काठावर थोडं पुढं एक मुलगी एकटीच उभी होती. मोनिका. बन्सी सारंगाच्या घरातलीच. तिचे आजोबा सहादेव धरणात मासेमारी करायचे.

दरवर्षीप्रमाणे निकिताला चेव आला. तिनं तोंडाशी हात धरून हाक मारली, "ए बुडव्याची! खापरपणजोबांची बोट न्यायला आलीस का?"

रविराज आणि करण खो खो हसले. मोनिका वळली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"ते दारू पीत नव्हते," ती म्हणाली.

"तू पाहायला होतीस का?"

मोनिका पुन्हा बोटीकडं वळली.

तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली. भीमराजकाका, म्हणजे करणचे बाबा. ग्रामपंचायतीचे सदस्य. मागे एक भंगारवाला.

"उद्या सकाळी कटर घेऊन ये," काका त्याला सांगत होते. "तुकडे कर आणि घेऊन जा. आत जे दगडधोंडे असतील ते रस्त्याच्या खड्ड्यांत टाकू."

"काका, आधी आत बघू या ना! ऐतिहासिक वस्तू आहे!" निकिता म्हणाली.

"गंजका डबा आहे! आणि गाळात पाऊल टाकाल तर याद राखा!"

काका गेले. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फक्त आजचा दिवस आहे," करण म्हणाला.

"मी हलका आहे, मी आधी जातो!" रविराजनं चपला काढल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत तो निघालाही. दहा पावलं गेला. अकरावं पाऊल गुडघ्यापर्यंत रुतलं. बारावं कमरेपर्यंत!

"ताई!"

"हलू नकोस! रवी, अजिबात हलू नकोस!" निकिता पुढं धावली, तशी तिचीही पावलं रुतू लागली. करणनं तिला मागं ओढलं. रविराज रडत हातपाय मारत होता. जितका हलत होता, तितका खाली जात होता. गाळ त्याच्या छातीशी आला.

"आडवा हो! मागं रेल, पाण्यावर तरंगतो तसा!" मोनिकाचा आवाज खणखणीत आला. "आबा! फळ्या आणा! लवकर!"

सहादेवआबा झाडाखाली जाळी विणत होते. म्हातारा माणूस, पण दोन लांब फळ्या आणि जाळ्याची दोरी काखोटीला मारून धावत आला. मोनिकानं एक फळी गाळावर टाकली, तिच्यावर पोट टेकून सरकली, दुसरी पुढं ढकलली. रविराजच्या काखेत तिनं दोरी अडकवली.

"वढा आता! हळू! झटका देऊ नका रं!" आबा ओरडले.

निकिता, करण आणि आबा ओढत होते. गाळानं 'चप्प' असा आवाज केला आणि रविराज सुटला. नखशिखांत काळा!

आबांनी घागरीतलं पाणी त्याच्या तोंडावर ओतलं. "घाबरू नको लेकरा. झालं, झालं."

निकितानं मोनिकाकडे पाहिलं. मोनिका दोरी गुंडाळत होती. आभार मानायला हवेत, हे निकिताला कळत होतं. पण मघाशी जे तोंड चाललं होतं, ते आता उघडेना.

मग करणच म्हणाला, "मोनिका, फळ्यांवरून बोटीपर्यंत जाता येईल?"

"येईल. माझ्या मागं या. जिथं मी पाय ठेवते तिथंच ठेवा."

आबांनी आधी 'नको' म्हटलं, मग नातीचं तोंड पाहून मान हलवली. "म्या दोरी धरून उभा ऱ्हातो. बघून या. आमच्या घरातलं कुनी आजवर तिथं पोचलं न्हाई."

फळ्या पुढं सरकवत चौघं बोटीशी पोचली. निकितानं हात लावला. जाडजूड पत्रा, तो जोडणाऱ्या लोखंडी रिबिटा ओळीनं ठोकलेल्या. ती नाकाडापाशी गेली, वाकली, पुन्हा उभी राहिली.

"करण, बोट खडकावर आपटली ना? मग भोक कुठाय?"

"दुसऱ्या बाजूला असेल."

दुसऱ्या बाजूलाही नव्हतं. नाकाड धड होतं. साधी पोचसुद्धा नाही!

"वर चला," मोनिका म्हणाली.

वरची फळकुटं कुजून गेली होती. मधल्या मोठ्या भोकातून आत डोकावताच रविराज ओरडला, "दगड! सगळे दगडच दगड!"

गाळातून आलेले साधे धोंडे नव्हते ते. चौकोनी, घडवलेले, रचून ठेवलेले. बोटीचं पोट त्यांनी भरलं होतं.

"माणसांच्या बोटीत एवढे दगड?" करण पुटपुटला. "वर पुन्हा बाजारची माणसं? बुडणार नाही तर काय होईल!"

"माझे पणजोबा सांगायचे," मोनिका हळूच म्हणाली. "बन्सी सारंग मरेपर्यंत म्हणत होते, वझं जास्त हुतं, मी नको म्हनलं हुतं. पण बोट तळाला. कोण ऐकणार?"

"पण हे दगड कुणाचे?" रविराज म्हणाला. "यावर काहीतरी कोरलंय. त्रिशूळ, आणि खाली चंद्रकोर."

निकिता वाकली. तिनं बोटानं गाळ पुसला. मग शेजारच्या दगडावरचाही.

त्रिशूळ आणि चंद्रकोर. ही खूण ती रोज बघत होती. अण्णांच्या घरासमोरच्या ओट्याच्या प्रत्येक दगडावर ती होती! अर्धा ओटा घडीव काळ्या दगडाचा आणि उरलेला अर्धा विटांचा. ती लहान असताना तिनं विचारलं होतं, असं का? "दगड पुरले नाहीत," असं आजी म्हणाली होती.

"काय झालं ताई?"

"काही नाही," निकिता म्हणाली. "चला परत."

परतताना तिच्या मनात एक विचार आला, आणि तो आला याचीच तिला लाज वाटली. उद्या कटर येईल. दगड खड्ड्यांत जातील. आपण गप्प बसलो तर कुणालाही कळणार नाही!

संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांचं नाव, सोपान पाटील, निघालं की अख्खं गाव आदरानं वाकायचं. निकिता त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अण्णा, आगबोटीत आपल्या ओट्याचे दगड आहेत."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"पलीकडून ओट्यासाठी आणायचे उरलेले सगळे दगड रामहरी पाटलांनी एकाच खेपेत भरायला लावले," ते म्हणाले. "माझे वडील. बन्सी नको नको म्हणत होता. पण पाटलाला नाही कोण म्हणणार? हा काठ जवळ आला आणि बोट बसलीच खाली. बन्सीनं चार पोरं एकट्यानं काठाला आणली. परत परत उडी मारली त्यानं."

"मग तो दारू प्यायला होता हे..."

"थंडीनं काकडत होता, म्हणून वडिलांनीच त्याला दोन घोट पाजले. दुपारी इंग्रज साहेब चौकशीला आला. बन्सीच्या तोंडाला वास येत होता. साहेबानं वडिलांना विचारलं, आणि वडील..." अण्णांनी काठी जमिनीवर टेकवली. "गप्प बसले."

"आणि तुम्ही?"

"मला त्यांनी मरताना सांगितलं. मला लाज वाटली, पोरी. बोलू, बोलू म्हणता म्हणता त्या लाजेचीच सवय झाली. आता कशाला उकरायचं?"

निकिता आत गेली. आपल्याच आजोबांकडे बघवत नाही, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

सकाळी तिनं करणला आणि रविराजला सगळं सांगितलं. करण पायानं माती उकरू लागला.

"म्हणजे बुडवे आपण!"

"हो. आणि आता कटर यायच्या आधी बोट गाठायची. पळा!"

कटरचं मोनिकानंही काल ऐकलं होतं; ती फळ्या घेऊन तयारच होती. चौघं बोटीवर चढली, आणि करणनं डोकं लढवलं. "फळ्या वर ओढून घ्या! मग बघू कोण येतं ते!"

शेवटची फळी वर आली, तोच भंगारवाल्याचा टेम्पो काठाशी थांबला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले भीमराजकाका खाली उतरले.

"करण्या! उतर खाली!"

"रस्ता नाही, बाबा! तुम्हीच या!"

काकांनी तावातावानं एक पाऊल टाकलं. बूट गाळातच राहिला, पाय तेवढा वर आला! टेम्पोवाला हसू दाबत वळून उभा राहिला. आरडाओरडा ऐकून काठावर माणसं जमू लागली. आबाही आले.

निकिता मोनिकाजवळ गेली. तिनं खालच्या आवाजात सगळं सांगितलं: दगड कुणाचे, दारू कुणी पाजली, गप्प कोण बसलं. मोनिका ऐकत होती. तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत.

"हे सगळ्यांसमोर सांगशील?" तिनं विचारलं.

"सांगते."

निकिता धुरांड्याला धरून उभी राहिली. समोर अख्खं गाव. तिला वाटलं, याच गाळात गडप व्हावं.

"बन्सी सारंगांनी बोट बुडवली नाही!" ती ओरडली. "बोटीला कुठंही भोक नाही! आत आमच्या ओट्याचे दगड आहेत! ते माझ्या पणजोबांनी भरायला लावले! सारंग दारू प्यायले नव्हते, त्यांनी चार मुलांना वाचवलं! आम्ही... आमच्या घरानं खोटं पसरू दिलं!"

काठावर कुजबुज सुरू झाली.

"पोरीच्या बोलण्यावर जाऊ नका!" काका हात हलवत म्हणाले. "उन्हानं डोकं फिरलंय तिचं!"

"भीमराज, गप्प बैस."

गर्दी दुभंगली. अण्णा काठी टेकत पुढं आले होते. डोक्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली होती. "ती बोलली ते अक्षर न् अक्षर खरं आहे. ते मी बोलायला हवं होतं. पन्नास वर्षं मी गप्प राहिलो." ते सहादेवआबांसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "सहादेव, तुझ्या घराचा मी अपराधी आहे."

"माझा बाप हे ऐकाया हवा हुता, पाटील," एवढंच आबा म्हणाले.

टेम्पो रिकामा परत गेला. दुपारी धरणाचे इंजिनियर आले. त्यांनी दगड पाहिले, खुणांचे फोटो काढले आणि मुलांची पाठ थोपटली. "बोट आमच्या खात्याची आहे, तिला कुणीही हात लावणार नाही. शाब्बास! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!" लोक टाळ्या वाजवू लागले. कुणीतरी म्हणालं, "पाटलांची नात शोभते हो!"

ते ऐकून निकिताचे कान तापले. "माझं नाव नका घेऊ," ती म्हणाली. "बन्सी सारंगांचं घ्या. आणि रवीला गाळातून मोनिकानं काढलंय."

गर्दी पांगल्यावर आबा तिच्याजवळ आले. "लई धीराचं काम केलंस, पोरी."

निकिताला रडू फुटलं. "आबा, मी काल मोनिकाला... मी तिला..."

"ऐकलं हुतं म्या. झाडाखालीच हुतो की."

म्हणजे ते सगळं ऐकूनही हा माणूस रविराजसाठी फळ्या घेऊन धावला होता! निकिताची मान खाली गेली.

"माझ्याकडं नको रडू," आबा म्हणाले. "तिच्याकडं जा."

मोनिका पाण्याच्या कडेला हात धूत होती. निकिता तिच्यासमोर उभी राहिली. "मोनिका, मी चुकले. तुला तसं म्हणायला नको होतं. दरवर्षी म्हणत आले. माफ कर मला."

मोनिकानं हात झटकले.

"माझा राग अजून गेला नाही," ती म्हणाली. "पण उद्या सकाळी आबांबरोबर जाळं टाकायला जाणार आहे मी. यायचं तर ये. लवकर उठावं लागेल."

दुसऱ्या दिवशी निकिता सगळ्यांच्या आधी काठावर जाऊन उभी होती.